नखांच्या कडेची राठ कातडी : आमच्या भाकरी केंद्रातल्या नोंदी

११ नोव्हेंबर

दिवाळीनंतरची पहिली मोठी ऑर्डर आज गेली. दोनशे कडक भाकऱ्या आणि शेंगा चटणीची वीस पाकिटं. पाकिटं भरताना एका भाकरीच्या कडेला तांबडा ठिपका दिसला. तिखट सांडलं असेल म्हणून बोट फिरवलं, तर ते रक्त होतं. अक्कांच्या उजव्या अंगठ्याला नखाच्या बाजूने भेग पडली होती. "तिथली कातडी मेलीय वो ताई, काही कळत नाही," त्या म्हणाल्या. ती भाकरी तर टाकलीच, शिवाय अक्कांच्या हातची आजची सगळी चळत बाजूला काढली. बावीस भाकऱ्या गेल्या. अक्का काही बोलल्या नाहीत, पदराने अंगठा पुसत राहिल्या. मला ते फार लागलं.

नंतर चहा घेताना सगळ्यांचे हात बघितले. आम्ही पाचजणी थापतो: काकू, अक्का, मावशी, वहिनी आणि यंदा आलेली धाकटी. मी हिशोब आणि पॅकिंग बघते, गर्दी असली की परातीला बसते. सहाही जणींच्या नखांभोवतीची कातडी जाड झालेली, कुठे पांढरी, कुठे पिवळी, कुठे सालपटं निघालेली. इतकी वर्षं हे हात डोळ्यांसमोर आहेत आणि मी ते कधी नीट पाहिलेच नव्हते.

अन्न सुरक्षेच्या २०११ च्या नियमांत लिहिलंय, नखं कापलेली हवीत, हाताला जखम असेल तर ती झाकलेली हवी. तो कागद आमच्या भिंतीवर लावलेला आहे. पण जखम होऊ नये म्हणून काय करायचं, ते कागदात नाही. ते आता आपणच शोधायचं. त्यासाठी ही वही.

१४ नोव्हेंबर

सकाळी दहाच्या उन्हात खिडकीशी बसून एकेकीचा हात बघितला. खाली मुलीच्या वहीतला आलेखाचा कागद ठेवला आणि फोनने फोटो काढले. दर पंधरा दिवसांनी त्याच खिडकीत, त्याच वेळी पुन्हा काढायचे.

काकूंचं वय साठीच्या पुढे, चाळीस वर्षं भाकरी थापतायत. त्यांच्या अंगठ्याच्या नखाला दोन्ही बाजूंनी मेणासारखी पिवळट पट्टी आहे. दाबली तर कडक भाकरीची कड दाबल्यासारखं वाटतं. हा सरळ घट्टा. थापताना भाकरी फिरवायची ती अंगठ्याच्या कडेने, म्हणजे दाब तिथेच येतो. एकाच जागी सतत दाब आणि घासणं असलं की कातडी तिथे मेलेल्या पेशींचे थर साठवते, आतल्या जिवंत भागाला आडोसा म्हणून.

वहिनींचं वेगळं आहे. त्यांची कातडी जाड कमी आणि कोरडी जास्त. नखाच्या मुळाशी बारीक सालपटं उभी राहिलीत, साडीचा धागा अडकतो त्यात. धाकटी ती सालपटं दाताने काढते. जिथे ओढते तिथे भरून येताना कातडी आणखी राठ होते, मग ती पुन्हा ओढते. तिच्या दोन्ही तर्जन्या तशा झाल्यात.

अक्कांची मात्र काळजी वाटली. उजव्या अनामिकेच्या नखामागची कातडी फुगून गोल झालीय, चकाकतेय, आणि नखाला चिकटून जो पातळ पापुद्रा असतो तो तिथे नाहीच. नख आणि कातडी यांच्यामध्ये बारीक फट दिसते. नखावर आडव्या लाटा उठल्यात. "दसऱ्याच्या आधीपासून आहे," म्हणाल्या. अक्कांना साखर आहे. घरच्या प्रयोगाचं हे बोट नाही. सिव्हिलला न्यायचं.

तो पापुद्रा, ज्याला पार्लरवाल्या क्युटिकल म्हणतात आणि कापून टाकतात, तो घाण नाही. नख जिथून उगवतं तिथल्या फटीला लावलेली ती लांबी आहे, खिडकीच्या काचेला लावतात तशी. ती निघाली की पाणी, पीठ, साबण, जंतू सगळं आत जातं.

१८ नोव्हेंबर

काकूंच्या शेजारी वही घेऊन चार तास बसले. हात किती वेळा ओला होतो ते मोजायचं होतं.

उंडा मळताना हात ओला. थापताना कोरडं पीठ. तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवायचं, हात पुन्हा ओला. मग तव्याची धग लागून वाळला. एका भाकरीला दोनदा ओला, दोनदा कोरडा. सकाळी सात ते अकरा काकूंनी ऐंशी भाकऱ्या केल्या, म्हणजे एकशे साठ वेळा. ज्वारीचं कोरडं पीठ हाताचा ओलावा शोषून घेतं, हे नव्याने सांगायला नको. शेवटी भांडी. तारेची घासणी, भांड्यांची पावडर, बोअरचं जड पाणी. (नळ आमच्या गल्लीत चार दिवसांनी येतो. ते पाणी पिठाला आणि प्यायला जपून ठेवतो, भांड्यांना बोअर.)

कातडी मुळात किंचित आंबट असते, पीएच पाचच्या आसपास. साबणाची वडी नऊ-दहाची. दिवसातून पंधरा वेळा त्या वडीने हात धुतले तर कातडीतला स्निग्धपणा कुठून राहणार.

आणखी एक गोष्ट दिसली, ती मी धरलीच नव्हती. काकू पिठात घालायला उकळतं पाणी घेतात आणि त्यात बोटं घालून पीठ कालवतात. का, तर पीठ जुनं आहे. आपण पंधरा दिवसांचं एकदम दळून आणतो. विरी गेलेल्या पिठाला जिगट राहत नाही, ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा मुळातच नसतो, मग उकळत्या पाण्यानेच ते धरून ठेवावं लागतं. ताजं दळलेलं मालदांडी ज्वारीचं पीठ कोमट पाण्यातही धरतं. म्हणजे दळणाचे हेलपाटे वाचवायचे म्हणून आपण बोटं भाजत होतो.

उद्यापासून दर चार दिवसांनी दळण. आणि गरम पाणी घातलं की आधी उलथण्याने कालवायचं, हात नंतर.

२१ नोव्हेंबर

आज सगळ्यांना बसवून बोलले. तीन गोष्टी बंद: ब्लेड, पिन, दात.

ब्लेडने घट्टा तासायची सवय काकूंना आहे. मावशी नखात वाळलेलं पीठ सेफ्टी पिनने कोरतात, आणि पिन नखाच्या मुळापर्यंत फिरवतात. दाताचं धाकटीला सांगितलं, तिने मान खाली घातली. तिला रागावले नाही. काळजी लागली की हात तोंडाकडे जातो, हे मला माहीत आहे.

काकूंनी मात्र सरळ विरोध केला. "हात मऊ केलास तर भाकरी कशी उलटू? ही कातडी आहे म्हणून तवा सोसतो. चाळीस वर्षं लागली हात असा व्हायला."

त्यांचं म्हणणं खरं आहे. त्या तव्यावरची भाकरी बोटाच्या टोकांनी उचलतात, मला ते अजून जमत नाही. बोटाच्या पोटाचा घट्टा ही त्यांची कमाई आहे, त्याच्यावर त्यांची रोजी चालते. मी विचार करून सांगितलं, "काकू, बोटांच्या टोकांना आपण हात लावायचा नाही. फक्त नखाच्या कडा आणि मूळ. तिथली जाड कातडी तवा धरायला लागत नाही, ती फक्त तडकते." त्यांनी अंगठा उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाल्या, "बरं. कडा दिल्या तुला."

या कामाची हद्द काकूंनी आखून दिली.

२४ नोव्हेंबर

सामान आणलं. साधी पांढरी पेट्रोलियम जेली, मोठी डबी. दहा टक्के युरियाचं क्रीम, दोन ट्यूब. बोथट टोकाची छोटी कात्री. एक प्युमिसचा दगड. भांड्यांसाठी लांब दांड्याचे दोन ब्रश, रबरी हातमोजे.

रात्रीचा क्रम असा ठरवला. कोमट पाण्यात पाच-सात मिनिटं बोटं बुडवायची. मऊ टॉवेलने टिपायची, घासायची नाहीत. जाड कडेवर दगड हलक्या हाताने चार-पाच वेळा, एकाच दिशेने, आणि तेही आठवड्यातून दोनदाच. उभं राहिलेलं सालपट कात्रीने मुळाशी कापायचं, ओढायचं नाही. बोटांत ओलावा आहे तोवर युरियाचं क्रीम, त्यावर जेलीचा थर. युरिया पाणी धरून ठेवतो, जेली ते उडू देत नाही. जिथे भेग आहे तिथे युरिया झोंबतो, तिथे नुसती जेली.

दिवसा थापताना हाताला काहीही लावायचं नाही. तेलकट हाताने उंडा फाटतो, आणि वास भाकरीला लागतो. मावशींनी विचारलं, खोबरेल चालेल का? रात्री चालेल की. काकू लोणी लावतात, तेही चालेल. पण रात्रभर टिकून राहण्यात जेलीला तोड नाही.

२ डिसेंबर

चूक झाली. वहिनींनी युरियाची ट्यूब संपल्यावर औषधाच्या दुकानात जाऊन "कातडी जाड झालीय, मलम द्या" म्हणून मागितलं. त्यांना टाचांच्या भेगांचं मलम मिळालं. ते दहाही बोटांना, नखाच्या मुळाशी चोळून झोपल्या. सकाळी बोटं लालभडक, मुळाशी पांढरी पडून सोललेली, पाणी लागलं की आग.

ट्यूबवरची बारीक अक्षरं भिंग लावून वाचली. सॅलिसिलिक ॲसिड. ते मेलेल्या थरांची पकड सैल करतं. टाचेच्या जाड कातडीला त्याचा उपयोग आहे, पण नखाच्या मुळाशी कातडी इतकी पातळ असते की ते पापुद्रा आणि जिवंत कातडी दोन्ही सोलतं. युरियाचंही असंच आहे, दहा टक्के ओलावा धरतो आणि चाळीस टक्के जाड थर विरघळवतो. नाव तेच, काम वेगळं.

यात दोष माझा. क्रीमचं नाव आणि टक्का मी तोंडी सांगितला होता. आता ट्यूबचं रिकामं खोकं भिंतीला टाचलंय, दुकानात तेच दाखवायचं. वहिनींना चार दिवस नुसती जेली, भांड्यांना सुट्टी.

९ डिसेंबर

अक्कांना घेऊन सिव्हिलच्या त्वचा विभागात गेले. रांग मोठी होती, पण डॉक्टरबाईंनी बोट नीट पाहिलं, दाबून पाहिलं, फटीत काय आहे ते पाहिलं, साखर तपासायला लावली.

याला पॅरोनिकिया म्हणतात, आणि सहा आठवड्यांच्या वर टिकला की जुनाट. मी समजत होते की हे जंतूंचं दुखणं, गोळ्या देतील. त्यांनी समजावलं की मूळ दुखणं सततच्या ओलीचं आणि साबणाचं आहे. कातडी चिडते, सुजते, पापुद्रा सुटतो, मग त्या ओल्या फटीत बुरशी आणि जंतू राहायला येतात. त्यांना मारून भागत नाही, फट बंद झाली पाहिजे, आणि ती बंद होते कोरडं ठेवल्यावर. दोन आठवडे लावायला सौम्य स्टेरॉइडचं मलम दिलं. पापुद्रा नवा यायला महिने लागतील, तोवर ओलं काम टाळा, असं सांगितलं. आपल्या गावठी बोलीत ज्याला नखुर्डं म्हणतो, ठणकणारं, पू झालेलं, ते वेगळं. तसं झालं, बोट लाल होऊन वर लाली चढली, ताप आला, तर साखर असलेल्या माणसाने एक दिवसही घरी थांबायचं नाही.

परत येताना रिक्षात अक्का म्हणाल्या, "ओलं काम टाळा म्हणे. मग मी करू काय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी येऊन रात्री उशिरापर्यंत हिशोबाची वही उघडून बसले.

वहिनींनी संध्याकाळी ते मलम थोडं मागितलं. दिलं नाही. स्टेरॉइड ज्याचं त्याला, आणि सांगितले तेवढेच दिवस. जास्त दिवस लावलं तर कातडी कागदासारखी पातळ होते.

१० डिसेंबर

अक्कांना भाजणीवर घेतलं. थापलेली भाकरी दुसरी बाई तव्यावर टाकते, पाणी फिरवते. अक्का ती मंद आचेवर कडक करतात, उलथणं आणि फडक्याने. हात पूर्ण कोरडा. खरं तर कडक भाकरीचं अर्धं कसब तिथेच असतं. आच जास्त झाली की भाकरी फुगून तडकते, कमी पडली की मधे मऊ राहते आणि आठ दिवसांत बुरशी धरते. अक्कांचा त्यात हात बसलेलाच होता.

१६ डिसेंबर

पाच आठवडे झाले. फोटो शेजारी शेजारी ठेवून बघितले.

काकूंच्या अंगठ्याची पट्टी पातळ झालीय. पिवळेपणा आहे, पण दाबली तर आता थोडी लवते. त्यांनी पाण्यात बोटं बुडवायचं कधी चुकवलं नाही. वहिनींची आग शमली, सालपटं जवळजवळ नाहीत. कातडीचा वरचा थर पूर्ण बदलायला साधारण चार आठवडे लागतात, उतारवयात जास्त, त्यामुळे आठ दिवसांत फरक पडत नाही म्हणून कुणी सोडू नये, हे मी आज दोनदा सांगितलं.

रबरी मोजे कुणी वापरत नाही. भांडं निसटतं, आत घाम येतो. घामाने ओला राहिलेला मोजाही कातडी बिघडवतो, हे पटल्यावर मीही आग्रह सोडला. ब्रश मात्र सगळ्यांना आवडलाय. तवे रात्रीच पाण्यात बुडवून ठेवतो, सकाळी ब्रश फिरवला की निघतात. भांड्यांची पाळी लावली, एकीच्या वाट्याला आठवड्यातून एकदाच. मलाही पाळी आहे.

मावशींनी फार चांगली गोष्ट केली. त्या पूर्वी गणवेशाच्या कारखान्यात शिलाईला होत्या. घरच्या जुन्या बनियनच्या कापडाच्या त्यांनी बोटांच्या टोप्या शिवल्या, प्रत्येकीला दहा. एका टोकाला बारीक नाडी. रात्री जेली लावून टोप्या चढवल्या की अंथरुणाला लागत नाही, आणि धाकटीचं बोट झोपेत तोंडात जात नाही. शिवण बाहेरच्या बाजूला ठेवलीय, नखाच्या कडेला रुतू नये म्हणून. असं बारकाव्याने शिवलेलं कापड हातात घेतलं की माणसाचा हात कळतो.

२३ डिसेंबर

टोप्या शिवणाऱ्या मावशींचंच डाव्या तर्जनीचं बोट ऐकत नाही. सगळ्यांच्या कडा मऊ होत चालल्यात, त्यांची एक कड उलट वाढलीय. खडबडीत, फुलकोबीच्या तुऱ्यासारखी. आज भिंग लावून पाहिलं तर कातडीवरच्या रेषा त्या जागी तुटलेल्या, आणि आत काळे ठिपके.

ही चामखीळ. विषाणूची. घट्ट्यावर कातडीच्या रेषा चालू राहतात, चामखिळीवर त्या वळसा घालून जातात, आणि ते काळे ठिपके म्हणजे आतल्या बारीक रक्तवाहिन्या गोठलेल्या. मला हे आधी माहीत असतं तर चौदा नोव्हेंबरलाच कळलं असतं.

आणि प्युमिसचा दगड एकच होता. सगळ्याजणी तोच वापरत होतो.

दगड फेकला. सहा नवे आणले, प्रत्येकीच्या डबीवर नाव घातलं. कात्री वापरली की उकळत्या पाण्यातून काढायची. मावशींच्या बोटाला पाणी न शिरणारी पट्टी, आणि दवाखाना. डॉक्टर गोठवून काढतील नाहीतर औषधाने जाळतील, वेळ लागेल. मावशी रडल्या, "माझ्यामुळे सगळ्यांना होईल." त्यांना जवळ घेतलं. दगड मी आणला होता, त्यांनी नाही.

३० डिसेंबर

येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, शेतात जाऊन जेवायचा सण. काम बंद. काकूंच्या शेतावर सगळे, भज्जी, अंबील, बाजरीचे उंडे. कुणीही कुणाचे हात बघितले नाहीत.

१३ जानेवारी

भोगी. चार दिवस झोप नाही. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्यांची मागणी इतकी होती की पहाटे तीनला शेगड्या पेटत होत्या. शहरात गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेची गर्दी, बाहेरगावचे पाहुणे, प्रत्येकाला कडक भाकरी न्यायची असते. रात्री कुणाला बोटं बुडवायला वेळ नव्हता, टोप्या कुठे गेल्या कुणाला ठाऊक. भांड्यांची पाळीही मोडली, जी रिकामी ती बसली.

आज संध्याकाळी सहाही जणींच्या कडा पुन्हा पांढऱ्या. काकूंना भेग पडली. दोन महिन्यांचं काम चार दिवसांत गेलं, असं मनात आलं. फोटो काढला तेव्हा कळलं की सगळं गेलेलं नाही. पट्टी नोव्हेंबरइतकी जाड नाही. पण भेग ती भेग.

१६ जानेवारी

धाकटीचं बोट ठणकतंय. गर्दीत तिने तर्जनीचं सालपट दाताने ओढलं होतं. नखाची एक कड लाल, तंग, कोपऱ्यात पिवळा ठिपका. तीन दिवस तिने कुणाला सांगितलं नाही. बोटाला चिंधी बांधून थापत होती.

मी विचारलं, का गं नाही सांगितलंस? ती बोलेना. काकूंनी उत्तर दिलं. "सांगितलं तर तू परातीवरून उठवणार. भाकरीमागे पैसे. उठली की दिवस गेला."

अकरा नोव्हेंबरपासून ही वही लिहितेय, क्रीम, दगड, पीठ, पाणी सगळं मोजलं, आणि ही एक गोष्ट मोजली नव्हती. अक्कांना भेग कळली नव्हती असं मी लिहिलंय. ती कळली असणार. बावीस भाकऱ्यांची मजुरीही मी त्यांना दिली नव्हती, माल खराब झाला म्हणून. वही मागे उलटून ते पान पाहिलं आणि अंगावर काटा आला. जखम झाकायला आपणच लावलं, आणि वर स्वच्छतेचा कागद भिंतीला लावला.

आजच सगळ्यांसमोर ठरवलं. ज्या बाईच्या हाताला जखम आहे ती लेबलं, हिशोब, फोन आणि दुकानांची वसुली बघेल, आणि तिला मागच्या पंधरा दिवसांच्या सरासरीने पूर्ण मजुरी. हा खर्च केंद्राचा. अक्कांचे बावीस भाकऱ्यांचे पैसे दिले. त्यांनी ते मोजले नाहीत, कमरेला खोचले आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

धाकटीला पंधरा-पंधरा मिनिटं, दिवसातून चार वेळा, सोसेल इतक्या गरम पाण्यात बोट बुडवायला सांगितलं, आणि दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी कड थोडी उचलून पू काढला. घरी सुईने फोडायचं नाही, पू खोल जातो.

२० जानेवारी

धाकटी वसुलीत हुशार निघाली. दोन दुकानांची थकबाकी आणली. बोट उतरलंय.

३ फेब्रुवारी

नवीन नियमानंतर काय झालं, तर पंधरा दिवसांत तिघींनी स्वतःहून बोट दाखवलं. वहिनींनी करंगळीची केसाएवढी चीर दाखवली, रात्री जेली लावली, दोन दिवसांत मिटली. ती चीर आधी कुणी दाखवलीच नसती, आणि आठ दिवसांनी भाकरीवर ठिपका दिसला असता.

कामाच्या आधी हात दाखवायचा, ही आता सकाळची पद्धत झालीय. दिवा लावल्यावर, शेगडी पेटवायच्या आधी. काकू सगळ्यांचे बघतात, काकूंचे अक्का बघतात.

साबणाची वडी बदलून सौम्य द्रव साबण आणला. महाग पडतो. पण एका दाबाला एक थेंब घेतला तर महिना जातो, असं मावशींनी दाखवून दिलं.

२४ फेब्रुवारी

शेवटचे फोटो. आलेखाच्या कागदामुळे मोजता येतं.

काकूंच्या अंगठ्याची उजवी पट्टी जवळजवळ सपाट. डावी आहे, तिथे दाब जास्त येतो, ती राहणारच. भेग नाही. बोटांची टोकं जशीच्या तशी, आज सकाळी त्यांनी मुद्दाम माझ्यासमोर तव्यावरची भाकरी दोन बोटांनी उचलून दाखवली.

वहिनींना आता आठवड्यातून तीनदाच क्रीम पुरतं. धाकटीच्या एका तर्जनीची कड मऊ आहे, दुसरीवर अजून दातांच्या खुणा आहेत. तिने ते स्वतःच सांगितलं. मावशींची चामखीळ दोनदा गोठवली, अर्धी उरलीय, पट्टी चालू. नवीन कुणाला झालेली नाही. तरी पुढचे काही महिने बघत राहायचं, कारण तो विषाणू शिरल्यावर दिसायला वेळ घेतो.

अक्कांची अनामिका मी सगळ्यात शेवटी बघितली. सूज उतरलीय, फट मिटलीय. नखाच्या मुळाशी केसासारखा पातळ पापुद्रा नखाला चिकटून आलाय, नवा, जवळजवळ पारदर्शक. त्याच्या पुढे गुळगुळीत नखाची दोन-तीन मिलिमीटरची पट्टी, आणि तिच्या पुढे जुन्या लाटा. नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, त्यातलं सुरुवातीचं कातडीखालीच असतं. त्या लाटा टोकाला पोचून कापल्या जायला पावसाळा उजाडेल.

अक्कांनी बोट उन्हात धरून बराच वेळ पाहिलं. परातीवर कधी बसू, विचारलं. पापुद्रा घट्ट धरू दे, एप्रिलमध्ये डॉक्टरबाईंना दाखवू, मग ठरवू, असं सांगितलं. त्या भाजणीवर परत गेल्या.

एका ब्रशाचे केस झिजलेत. दळणाच्या फेरीत दोन आणायचे.